गाळी

माझी हवा चोर्ल्याच्या घाटातून टेम्पोत येते.
वास्कोला भरतो. बेळगावात कोण भरून देणार?
मोठी टाकी पाठीला, बारा लिटरची.
आणि डाव्या बरगडीला एक छोटी,
दुधाच्या किटलीएवढी.
तिची नळी वेगळी, तोंड वेगळं, काटा वेगळा.
मोठीशी तिचं देणंघेणं नाही
आणि तेवढ्यासाठीच ती आहे.

होडीवर दोर धरतो मडिवाळप्पा, बैलहोंगलचा.
पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "गाळी साका?"
मी म्हटलं, गाळ? लई हाय, ढोपरभर.
होडी उलटेल इतका हसला.
त्यांच्यात गाळी म्हणजे हवा.
आपला गाळ तळाला बसतो,
दुसरी वेलांटी दिली की
वर येतो.

"हे पिल्लू कशाला बांधूलास?" म्हणायचा,
"उगीच वजन."
अकरा वर्षं बांधलं. एकदाही तोंडाला लावलं नाही.
घरात गॅसची जोडटाकी रिकामी असली
की मालनला झोप लागत नाही.
पोळी लाटता लाटता विचारते, "दुसरी भरलीय न्हवं?"
मी म्हणतो, भरलीय.
पोरीला वाटतं, गॅसचं चाललंय.

मे महिना. राकसकोपच्या जॅकवेलला चाळण तुंबलेली.
पंप बंद करून मला सोडलं.
तीस फुटांवर डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय.
बोटांनीच बघायचं:
शेवाळ, पोत्याचा तुकडा, कुणाचीतरी साडी,
काठाची जर अजून खरखरीत.
ती ओढली आणि सगळा गाळ माझ्यावर आला.
एक श्वास आला, अर्धा चिखलाचा.
पुढचा आलाच नाही.

पाठीवर दीडशे बार शिल्लक.
वर आल्यावर काटा पाहिला, तेव्हाही तेवढेच.
हवा होती,
वाट नव्हती.

हात बरगडीकडे गेला. मी नेला असं म्हणवत नाही.
नवं तोंड लावलं की आधी फुंकायचं असतं,
आतलं पाणी बाहेर घालवायला.
म्हणजे छातीत उरलंसुरलं जे आहे
ते आधी देऊन टाकायचं
आणि मग मागायचं.
शिकवताना हे एका वाक्यात सांगतात.

आली.
रबराचा वास, कोरडी, घशाला टोचणारी.
गेल्या कार्तिकात भरलेली हवा;
पोरगी तेव्हा पाचवीत होती,
आबा अजून चालत दुकानापर्यंत जायचे.
मी ते सगळं ओढून घेतलं.

दोराला तीन हिसके.
मडिवाळप्पा घाबरून भराभर ओढायला लागला.
मी चाळणीला एक हात अडकवून त्याला थोपवलं,
हळू, बाबा, माझ्या फुग्यांच्या मागं मागं येऊ दे.
सतरा श्वास मोजले.
अठराव्याला ऊन होतं.

त्यानं माझा जबडा धरून विचारलं, "गाळी?"
मला मराठी सुचेना.
"साकू," म्हटलं.
आजचं काम पुरे, असं त्याला वाटलं.
त्यानं होडी वळवली.

मालनला सांगितलेलं नाही.

शनिवारी वास्कोला निघालो, नुसती छोटी घेऊन.
एवढ्याशा बाटलीसाठी एवढं डिझेल,
असं मडिवाळप्पा म्हणाला नाही.
मांडीवर घेऊन बसला तिला, खड्डा आला की वर उचलायचा.
कणकुंबीच्या नाक्यावर पोलिसानं थांबवलं.
आत काय आहे?
मडिवाळप्पानं कन्नडात सांगितलं, काही नाही.
मग मराठीत. मग त्याच्या हिंदीत.
एवढं जाड लोखंड, आणि आत काही नाही?
मी झडप जराशी फिरवून
बाटली पोलिसाच्या गालाजवळ धरली.
तळाचं थोडं होतं, ते निघालं.
त्याच्या मिशीचे दोन केस हलले.
"हं," म्हणाला, "जावा."